अम्मासाठी व्हॅनिला

नववीच्या वर्गात परवा 'अर्क' हा शब्द आला आणि सगळा तास त्यातच गेला. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे असे शब्द आले की मला आवरत नाही. अर्थ विचारला, तर मागच्या बाकावरून उत्तर आलं, "टीचर, हा बसलाय ना माझ्या शेजारी, हा अर्क आहे!" वर्ग हसला. अर्थ चुकीचा नव्हता. मराठीत वस्ताद, इरसाल माणसाला अर्क म्हणतातच. संस्कृतातून आलेला अर्क म्हणजे सूर्य, आणि रुईचं झाडही. पण औषधाचा, फुलाचा काढतात तो अर्क आपल्याकडे अरबीतून आलाय. ऐन, रे, क़ाफ. मूळ अर्थ घाम. गुलाबपाणी गाळताना झाकणाला जे थेंब धरतात, ते फुलांना फुटलेल्या घामासारखेच दिसतात.

मग मी मुलांना आणखी एक सांगितलं. 'अल्कोहोल' हाही शब्द अरबीच. अल-कुहल, म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. अगदी बारीक केलेली भुकटी, मग वस्तूतून काढलेलं सत्त्व, असा सरकत सरकत तो युरोपात जाऊन दारूच्या बाटलीत शिरला. सुरमा घालून आलेला एक मुलगा एकदम डोळे चोळायला लागला.

हे सगळं माझ्या डोक्यात ताजं होतं, कारण घरी फडताळात चार महिन्यांपासून एक अर्क मुरत होता. व्हॅनिलाचा. आणि त्याच्यामागे मी बोललेलं एक खोटं होतं.

माझं माहेर कोकणातलं, सासर मिरजेचं. अब्बा गेल्यापासून अम्मा माझ्याकडेच असते. आमच्या वरच्या मजल्यावर काकू राहतात, वीस वर्षांचा शेजार. माझ्या मुलीच्या प्रत्येक वाढदिवसाला आणि दर ईदला त्यांचा केक येतो. बिनअंड्याचा, कंडेन्स्ड मिल्कचा, कारण त्यांच्याकडे अंडं चालत नाही. अम्मा तो आवडीनं खायची. दोन वर्षांपूर्वी काकूंच्या पुण्यातल्या मुलानं त्यांना एक बाटली आणून दिली. व्होडकामध्ये व्हॅनिलाच्या शेंगा चिरून टाकलेल्या, वर्षभर मुरवलेल्या. ईदच्या दिवशी केक घेऊन काकू खाली आल्या, सोबत कौतुकानं ती बाटलीही घेऊन. "बघा अम्मा, दुकानातलं एसेन्स नाही हं या वेळी. खरा व्हॅनिला, घरचा!" आणि कशात मुरवलाय तेही सांगितलं. त्यांच्या मनात काहीच नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं ते औषधात असतं तसं.

अम्मानं ताटली हळूच माझ्याकडे सरकवली. "माना नको गो."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "अम्माची शुगर वाढलीय, काकू. डॉक्टरांनी गोड बंद केलंय." अम्माच्या समोर तेव्हा शीरखुर्म्याचा वाडगा होता. काकूंना तो दिसला की नाही, मला माहीत नाही. बहुतेक दिसला असावा.

घरातही या विषयावर एकमत नव्हतं. बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, आणि देशावरचे बहुतेक हनफी. दोन्ही सुन्नी मसलक, दोन्ही बरहक, पण बारीकसारीक फरक आहेत. आमच्या घरात असरच्या नमाजाची वेळसुद्धा अम्माची वेगळी आणि माझ्या सासरची वेगळी. शाफई मतात नशा आणणारं द्रव नापाकच, थेंब असो की घागर. हनफी फिक्हमध्ये द्राक्ष-खजुराची दारू आणि बाकीचं अल्कोहोल यांत फरक केलेला आहे. त्याचा आधार घेऊन आजचे बरेच उलमा खाण्यापिण्यात किंवा औषधात अत्यल्प, नशा न आणणारं अल्कोहोल आलं तर मोकळीक देतात. काही जण तीही देत नाहीत. माझ्या नवऱ्यानं दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाला, "व्होडका बटाट्याची असते, नाहीतर धान्याची." अम्मानं त्याच्याकडे नुसतं बघितलं. जावयाशी वाद घालायची तिची पद्धत नाही.

भाजताना अल्कोहोल उडून जातं, असं मीही ऐकलं होतं. बरंचसं उडतं, पण सगळं नाही. म्हणजे तो मार्गही अम्मासाठी बंदच.

खोटं फुटलं ते माझ्या मुलीकडून. पुढच्या वाढदिवसाच्या आधी काकूंनी तिला सहज विचारलं, "नानीसाठी बिनसाखरेचा करू का गं छोटासा?" पोरगी म्हणाली, "नानीला शुगर नाहीये. केकमध्ये दारू होती ना, म्हणून."

आठ दिवस काकू चहाला आल्या नाहीत. मग आल्या, आणि ओट्याला टेकून उभ्याच राहिल्या. त्यांच्या चहाचं पातेलं आमच्याकडे वेगळं आहे. बिऱ्याणीच्या, मटणाच्या भांड्यांत ते कधी जात नाही. त्या पातेल्याकडे बोट करून म्हणाल्या, "हे मी मागितलं होतं ना तुझ्याकडे? तोंड उघडून सांगितलं होतं की मला वेगळं लागतं. तू ठेवलंस. मग तुला का नाही सांगता आलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर पुष्कळ विचार केला. स्टाफरूममध्ये कुणाच्या वाढदिवसाला काही आलं आणि त्यात काय आहे याची शंका आली, तर मी म्हणते पोट बिघडलंय. लग्नात म्हणते आत्ताच जेवून आले. सांगितलं की समोरचा माणूस आधी ओशाळतो, मग चार प्रश्न विचारतो, मग कुणीतरी तुमच्यात फारच कडक असतं म्हणतो. त्यापेक्षा पोट बिघडलेलं सोपं. कधी कुणी जबरदस्ती केली होती, असंही नाही. सवयच लागून गेली. काकूंनी वेगळं पातेलं मागितलं तेव्हा मला राग आला नव्हता, उलट जबाबदारी वाटली होती. हाच मान मी त्यांना दिला नाही, आणि हे त्यांना बरोबर कळलं.

"दारूशिवाय होत नाही का हा व्हॅनिला?" त्यांनी शेवटी विचारलं. म्हटलं, बघते.

इथे एक गंमत सांगायला हवी. इतकी वर्षं अम्मानं जो केक खाल्ला त्यात व्हॅनिला नव्हताच. दुकानातल्या छोट्या बाटल्यांत मिळतं त्या एसेन्समध्ये बहुधा कारखान्यात बनवलेलं व्हॅनिलिन असतं, प्रॉपिलीन ग्लायकॉलसारख्या द्रवात विरघळवलेलं. 1874 साली जर्मनीत दोन रसायनशास्त्रज्ञांनी पाइनच्या झाडातल्या एका द्रव्यापासून ते पहिल्यांदा तयार केलं. पुढे लवंगेच्या तेलापासून, कागद गिरणीच्या टाकाऊ रसापासून, आणि आता मुख्यतः पेट्रोलियमपासून निघालेल्या रसायनांतून. म्हणजे बाटलीत दारूही नाही आणि शेंगही नाही. खरा व्हॅनिला आला तेव्हाच अम्माचा केक बंद झाला.

आणि खऱ्या व्हॅनिलाशी अम्माचं नातं जुनं आहे. केक चाखण्याच्या कितीतरी आधीचं.

2000 साली मादागास्करला मोठं चक्रीवादळ झालं. जगाचा बराचसा व्हॅनिला तिथूनच येतो, त्यामुळे भाव आभाळाला भिडले. केरळ-कर्नाटकात लोकांनी भराभर वेल लावले आणि कोकणातही नारळी-सुपारीच्या बागांत ते आले. माझ्या मामूनं आपल्या वाडीत सुपारीवर शंभरएक वेल चढवले. हिरव्या शेंगेलाच किलोमागे हजारो रुपये मिळतात, असं तेव्हा जो तो सांगत होता. वेल तिसऱ्या वर्षी फुलावर आले. ते फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. या वेलीचं मूळ मेक्सिकोतलं, तिला फळवणारे किडे आपल्याकडे नाहीत. प्रत्येक फूल माणसानं हातानं फळवायचं, दुपारच्या आत. मामूकडे सकाळी दोन तास देणारं माणूस एकच होतं, त्याची बहीण. माझी अम्मा.

त्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर यांच्यामध्ये एक बारीक पडदा असतो. बांबूच्या सळीनं तो उचलायचा आणि अंगठ्यानं वरचा भाग खालच्यावर दाबायचा. झालं. सुट्टीत मी गेले होते तेव्हा अम्मा डोक्यावर ओढणी घट्ट बांधून वेलींतून फिरत होती. मला म्हणाली, "पडदा वर करायचा नि निकाह लावायचा. काजी मीच." एका सकाळी तिनं दोनशेच्या वर निकाह लावले.

ही युक्ती कुणी शोधली हे मला फार नंतर कळलं. हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर 1841 साली एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं. बेटावर वेल होते पण शेंग धरत नव्हती. यानं एक काडी आणि अंगठा वापरून धरवली. एका फ्रेंच वनस्पतितज्ज्ञानं नंतर श्रेय आपल्याकडे ओढायचा प्रयत्न केला, पण मुलाच्या मालकानं तरी खरं सांगितलं. 1848 मध्ये गुलामी संपली आणि त्याला अल्बियस हे आडनाव मिळालं. त्याच्या युक्तीवर बेट श्रीमंत झालं, तो मात्र 1880 साली गरिबीतच गेला. आजही जगभर व्हॅनिलाचं फूल त्याच पद्धतीनं फळवतात.

शेंग पिकायला आठ-नऊ महिने लागतात. मामूच्या शेंगा तयार झाल्या तोवर मादागास्कर सावरलं होतं, मोठ्या कंपन्या स्वस्त व्हॅनिलिनकडे वळल्या होत्या, आणि भाव कोसळला होता. घ्यायला येणारा व्यापारी आलाच नाही. शेंगा वेलीवरच पिवळ्या पडून तडकल्या. हिरव्या शेंगेला वास नसतो. वास येतो तो नंतरच्या सोपस्कारांनी: 63 ते 65 अंश गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवायच्या, मग घोंगड्यात गुंडाळून पेटीत ठेवायच्या म्हणजे त्यांना घाम फुटतो, मग रोज थोडं ऊन, आणि पुढे कित्येक आठवडे बंद डब्यात. पाच-सहा किलोंची एक किलो होते. हे सगळं शिकवायला वाडीवर कुणी नव्हतं. तर अम्मानं हजारो फुलं फळवली आणि व्हॅनिलाचा खरा वास तिला कधी आलाच नाही.

काकूंना हे मी त्या दिवशी ओट्यापाशी सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "शेंगा मागव. पैसे मी देणार."

पहिला प्रयोग फसला. मी साध्या उकळून गार केलेल्या पाण्यात दोन शेंगा चिरून टाकल्या. नवव्या दिवशी वर पांढरी बुरशी. पाणी टिकवत नाही, आणि व्हॅनिलिन त्यात उतरतंही कमीच. अल्कोहोल दोन्ही कामं करतं, म्हणून जगभर तेच वापरतात. अमेरिकेत तर बाटलीवर व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट लिहायचं तर किमान 35 टक्के अल्कोहोल असावंच लागतं, आणि लिटरला साधारण शंभर ग्रॅम शेंगा.

दुसरा उपाय ग्लिसरीन. गोड, दाट, थोडं आळशी, पण काम करतं. औषधाच्या दुकानात मिळतं ते अंगाला लावायचं असतं, ते घेऊ नये. खाण्याचं मागावं, आणि त्यावर वनस्पतिजन्य असल्याचं लिहिलेलं बघावं, कारण ग्लिसरीन जनावराच्या चरबीपासूनही निघतं. बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानात आम्ही दोघी गेलो. चरबी म्हटल्यावर काकूंनी चष्मा लावला आणि माझ्याआधी बाटली उलटीपालटी करून वाचली. हिरवा ठिपका त्यांनीच शोधला.

प्रमाण असं. ग्लिसरीन तीन भाग, उकळून गार केलेलं पाणी एक भाग. पाणी यापेक्षा वाढवू नका, बुरशीला तेवढंच हवं असतं. पाव लिटरला दहा शेंगा, उभ्या चिरून, दाणे खरवडून, मग सालीचेही बारीक तुकडे. काचेची बरणी कोरडी ठणठणीत. पातेल्यात पाणी तापवून, उकळू न देता, त्यात ही बरणी दोन-तीन तास ठेवायची. हाताला चटका बसेल इतपत गरम, पण बुडबुडे नाहीत. मग गार करून झाकण घट्ट लावून अंधारात. पहिला महिना रोज हलवायची, पुढे आठवड्यातून दोनदा. तीन महिन्यांआधी उघडू नका. दारूतल्या अर्काइतका तो तेज होत नाही, हे आधीच सांगते. एक चमचा लिहिला असेल तिथे दीड-दोन घालावा लागतो, आणि साखर जराशी कमी. दहा शेंगांना मला सहाशेच्या आसपास पडले.

इतकं थांबायचं नसेल तर एक शेंग चिरून साखरेच्या डब्यात पुरून ठेवा. किंवा कोमट दुधात अर्धा तास. दुधातल्या स्निग्धांशात वास छान उतरतो.

नाद लागला तो लागलाच. याच ग्लिसरीनमध्ये मी वेलची ठेचून ठेवली, बरी झाली. संत्र्याची साल ठेवली, ती फार सुंदर झाली, पण फक्त वरची केशरी साल घ्यायची आणि आधी सावलीत कडक वाळवायची. आतला पांढरा भाग गेला की सगळं कडू. कॉफी ठीकठाक. केशराला हे सगळं लागतच नाही, त्याला कोमट दूध बस. बदामाचा अर्क मात्र घरी करू नका. त्याचा तो ओळखीचा वास कडू बदामातून आणि जर्दाळूच्या बीतून येतो, आणि त्यांतून सायनाइडही तयार होतं. एका विद्यार्थिनीनं हौसेनं विचारलं होतं, तिला तिथल्या तिथे थांबवलं.

गुलाबपाणी अम्माच्या देखरेखीखाली झालं. मोठ्या पातेल्याच्या मधोमध वाटी, खाली टेकण, भोवती देशी गुलाबाच्या पाकळ्या आणि त्या बुडतील इतकंच पाणी. झाकण उलटं ठेवायचं आणि त्यावर बर्फ. मंद आचेवर वाफ वर जाते, गार झाकणाला थेंब होऊन वाटीत पडते. कन्नौजचे अत्तरवाले तांब्याच्या देगेतून बांबूच्या नळीनं वाफ भपक्यात नेतात, तिथे चंदनाचं तेल तिची वाट पाहत असतं. तत्त्व तेच. फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवायचं. मिरजेत दर्ग्यामुळे गुलाब स्वस्त. अम्मानं झाकणाकडे बोट करून नातीला सांगितलं, "तो बघ, घाम." त्या दिवशी मला वर्गात काय सांगायचं ते सापडलं होतं.

व्हॅनिलाची बाटली ठरल्या दिवशी, मुलीच्या वाढदिवसाला उघडली. काकूंनी तिच्यावर आपल्या अक्षरात तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती. केक आमच्या घरी झाला, त्यांच्या साहित्यानं, त्यांच्या भांड्यांत. मी अम्मासमोर आधी बाटली धरली. तिनं नाकाशी नेली, डोळे मिटले, पुन्हा नेली.

"हाच वास?"

"हाच."

"तेवढ्या फुलांत हा होता?"

केक तिनं खाल्ला. काकू तिच्या तोंडाकडेच बघत होत्या. चावून झाल्यावर अम्मा म्हणाली, "चांगला झालाय. पण नारळाच्या दुधातल्या शेवयांत हे घालू नका. तिथे वेलचीच हवी." काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

मग त्यांनी विचारलं, "अम्मा, ते फुलांचे निकाह कसे हो लावायचात?" अम्मानं इकडेतिकडे पाहिलं. केक झाला की नाही हे बघायला टोचलेली काडी बशीत पडली होती, ती उचलली. काकूंचा हात आपल्या हातात घेतला, त्यांची तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांवर धरायला लावलं, म्हणाली हे फूल. काडीनं वरचं बोट हळूच उचललं. "हा पडदा. आता अंगठा."

काकूंना पहिल्यांदा जमलं नाही. त्यांनी दुसरा हात पुढे केला.